रेघेवरचं बोट

बाउअरांच्या तळघराचा वास अजून तोच आहे. बटाटे, बिअरच्या रिकाम्या क्रेट, सोल्डरिंगचा जळका वास आणि कोपऱ्यातल्या फळीवर पसरून ठेवलेली सफरचंदं. जिना उतरताना मी आपोआप वाकले. शेवटच्या पायरीवर तुळई डोक्याला लागते, हे मी विसरले होते, पण पाठीच्या लक्षात होतं. फ्राउ बाउअरनी, म्हणजे बाउअरबाईंनी, सकाळी फोन केला होता. "घर रिकामं करतेय. हेल्मुटच्या वस्तूंतलं तुला काय हवं ते घेऊन जा, उरलेलं मुलगा विकून टाकणार आहे."

खिळ्याला बेस गिटार टांगलेली होती. आम्ही घरात तिला 'तो बेस'च म्हणायचो. चॉकलेटी अंग, लांब मान, चार जाड तारा. गिटारच्या मानेवर जिथे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, तिथे याच्या मानेवर फिकट लाकडाच्या नुसत्या रेघा आहेत. मी बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही, सगळं सपाट. त्या सपाटपणामागे जे घडलं, ते आज इथे मला एकटीलाच ठाऊक आहे, म्हणून एका क्रेटवर बसून राहिले.

नाना म्हणजे माझे सासरे, कोल्हापूरचे. नोकरी पाटबंधारे खात्यातली, पण ती कोणी विचारली तरच सांगायचे. न विचारता सांगायचे ते एवढंच, "आम्ही ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो. आणि बेस." ज्यांना हवाईयन गिटार माहीत नाही त्यांची त्यांना कीव यायची. मग ते समजावून सांगायचे: ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत रॉड धरायचा, तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या. सूर तुटत नाही, एकातून दुसरा निघतो, माणूस गातो तसा. एवढं सांगून ते समोरच्याचा चेहरा बघायचे आणि तो पुरेसा भारावलेला नसला तर विषय बदलायचे.

२०१३च्या जूनमध्ये ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मंदार, माझा नवरा, जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला इंजिनिअर. आम्ही गावाबाहेर एका खेड्यात राहायचो, कार्प माशांच्या तळ्यांजवळ. विमानतळावर नाना आले ते काळेभोर रंगवलेले केस, पांढरे बूट आणि कडेवर मूल घ्यावं तशी धरलेली ती गिटार. ती सासूबाईंच्या इरकली लुगड्यांच्या गोधडीत गुंडाळलेली होती. आमच्या घरी गोधडी उलगडली की डांबरगोळ्यांचा आणि कापराचा वास यायचा, खिडकीतून तळ्याकाठच्या पांढऱ्या एल्डरफुलांचा. ते दोन वास पुन्हा कधी मला एकत्र मिळाले नाहीत.

नाना जेवण झालं की वाजवायला बसत. आणि आमच्या खेड्यात दुपारी एक ते तीन रूहेत्साइट, शांततेची वेळ. या वेळात गवत कापायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मुलांनी बॉल आपटायचा नाही. मी नानांना दोनदा सांगितलं. "दुपारी माणूस झोपतोय का वाजवतोय, ह्याचं सरकारला काय पडलंय?" असं म्हणून त्यांनी खिडकी उलट सताड उघडली. तिसऱ्या की चौथ्या दुपारी बेल वाजली. दारात शेजारचे हेर हेल्मुट बाउअर. तोवर मी त्यांना ओळखत होते ते एवढ्याचसाठी, की आम्ही चुकीच्या डब्यात टाकलेला कचरा ते न बोलता उचलून बरोबर डब्यात टाकायचे. मी मनातल्या मनात माफीची जर्मन वाक्यं जुळवत होते.

 बाउअरनी नुसता उजवा हात वर केला. अंगठ्यात नखी होती.

माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या नानांनी आपला हात वर केला. त्यांच्या तीन बोटांत नख्या तशाच होत्या. परगावच्या स्टँडवर अचानक आपल्या गावची एसटी दिसावी तसे नाना हसले.

"श्टील?" बाउअरनी विचारलं.

"स्टील," नाना म्हणाले.

बाउअरनी हवेतच एक लांब मान धरली आणि कमरेजवळ दोन बोटं चालवली. "उंड बास?"

"आणि बेस," नाना म्हणाले. आणि चप्पल पायात सरकवून त्यांच्यामागून गेलेसुद्धा. मी दार धरून तशीच उभी राहिले.

एकाच माणसानं ही दोन वाद्यं का वाजवावीत, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. ऑगस्टात आमच्या खेड्याची केर्वा असते, म्हणजे इथली जत्रा. चौकात उंच झाड उभं करतात, मोठा तंबू ठोकतात, सॉसेज भाजल्याचा धूर दिवसभर गल्लीत हिंडत असतो. तंबूत बाउअरांचा बँड काउबॉय गाणी वाजवत होता. बाउअर पायात बूट, डोक्यावर टोपी घालून स्टील गिटारपाशी बसले, एक हळवं गाणं वाजवलं, उठले आणि बेस गळ्यात अडकवून मागे जाऊन उभे राहिले. मग पुढची कितीतरी गाणी तिथेच. नानांनी मला कोपर मारलं.

"बघितलंस? आमच्यासारखंच की. स्टीलला अख्ख्या प्रोग्रॅममधे गाणी तीन, नाहीतर चार. उरलेला वेळ मालक काय फुकट बसवून ठेवतोय व्हय? मग बेस धरायचा. स्टील म्हंजे नवरदेव, पोरी. आणि बेस म्हंजे मांडव. मांडवाकडं कोण बघत नाही, पण नसला तर कळतंय."

नाना गडहिंग्लज, निपाणी, इस्लामपूर करत हिंडले ते असेच, नवरदेव थोडा वेळ आणि मांडव बराच वेळ. मग कीबोर्ड आला. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात बेस गेला आणि उजव्या हातात गिटार. नानांना कोणी काढलं नाही, नुसतं बोलावलं नाही. हे ते एकदाच बोलले होते आणि पुढे म्हणाले होते, "चहा टाक."

त्यानंतरचे उन्हाळे मला या तळघराच्या वासातच आठवतात. जूनच्या शेवटी नाना यायचे, व्हिसा संपेस्तोवर राहायचे. संध्याकाळी दोघं इथे खाली. नानांच्या मांडीवर स्टील, बाउअरांच्या गळ्यात बेस. नाना कोल्हापुरी बोलायचे, बाउअर इथली फ्रँकिश बोली बोलायचे, जी मंदारलाही धड कळत नसे. माझी सई तेव्हा सहा वर्षांची. ती मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. दोघांच्या मध्ये बसून ती भाषांतर करायची आणि दोघांनाही ते नको असायचं. फ्राउ बाउअर आंबटगोड प्लमचा केक खाली पाठवायच्या. मी वरून हाक मारायला यायची आणि जेवण गार होईपर्यंत इथेच जिन्यात बसून राहायची.

नाना सिनेमातलं एखादं जुनं, संथ गाणं काढायचे. बाउअरांनी ते जन्मात ऐकलेलं नसायचं. ते डोळे मिटून एक फेरी ऐकायचे, दुसऱ्या फेरीत हळूच खालून बेस भरायचे. नानांचा रॉड सरकत सरकत नेमक्या सुरावर जाऊन थांबला की बाउअर म्हणायचे, "गेनाऊ." म्हणजे नेमकं, अगदी तेच. नाना एवढा एकच जर्मन शब्द शिकले, आणि तोही वापरायचे नाहीत. कोणाची स्तुती करणं त्यांना जमायचंच नाही. घरी भाजी चांगली झाली तर ते काही बोलायचे नाहीत, ती शाबासकी. सगळं आयुष्य मंदारनं त्या गप्प बसण्यावर काढलं, मग माझी काय कथा.

एका गोष्टीवरून मात्र ते बाउअरांना नावं ठेवायचे, ती म्हणजे हा बेस. बाउअरनी त्याच्या मानेवरच्या सगळ्या पट्ट्या पक्कडीनं उपटून काढल्या होत्या आणि खाचांत लाकडाच्या चिपा बसवल्या होत्या. "बोडका बेस," नाना म्हणायचे. "चांगल्या वाद्याचं असलं मुंडन कोण करतंय?" बाउअर नुसते हसायचे.

२०१५चा गणेशोत्सव. न्युरेम्बर्गला मराठी मंडळींचा मोठा कार्यक्रम व्हायचा, भाड्याच्या सभागृहात. इंजिनिअर आणि आयटीवाल्या मुलांनी नवा बँड काढला होता. त्यांचा म्होरक्या ओंकार, गोड मुलगा, सतत घाईत. तो आमच्याकडे आला, नानांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुमचा एक आयटम ठेवूया ना, ज्येष्ठ नागरिक सेक्शनमध्ये. आल्झो, म्हणजे मी लॅपटॉपवरून ट्रॅक लावतो, तुम्ही त्यावर वाजवा. पाच मिनिटं मस्त होऊन जातील."

"ट्रॅकवर," नाना म्हणाले. ओंकारला तो होकार वाटला.

तो गेल्यावर नानांनी गिटार गोधडीत गुंडाळली. दोन दिवस तळघरात गेले नाहीत. बाउअर कुंपणापाशी येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. शेवटी मीच विचारलं, "नाना, काय झालं?"

"काही नाही गं. एकदा पुरता प्रोग्रॅम वाजवायचा होता. पडदा वर जाण्यापासनं खाली पडंपर्यंत, वादक म्हणून. म्हातारा म्हणून नाही." आणि मग, "आता आणि किती वेळा येणार आहे मी हिकडं."

आठवड्यानं ओंकारचा फोन आला. बेस वाजवणाऱ्या मुलाला कंपनीनं तातडीनं चीनला पाठवलं होतं. त्याला मंदारला विचारायचं होतं, कोणी ओळखीचं आहे का. मी कोणालाही न विचारता सांगून टाकलं, "नाना वाजवतील. सगळा कार्यक्रम."  नानांना सांगितलं. ते बाथरूममध्ये जाऊन केसांना रंग लावून आले.

रविवारी तालीम. चीनला गेलेल्या मुलाचा बेस गळ्यात घालून नाना उभे राहिले, पांढरे बूट, ताठ मान. ओंकारनं एक-दोन-तीन-चार केलं आणि नानांच्या बोटाखालून सूर निघायच्या ऐवजी फट् असा दबका आवाज निघाला. पुन्हा फट्. चार सुरांत एखादा नीट यायचा, बाकीचे गुदमरायचे. नानांनी आवाजाचं बटण पाहिलं, वायर पाहिली, तारा लावून पाहिल्या. मुलं एकमेकांकडे बघू लागली. कीबोर्डवरचा मुलगा हळूच ओंकारला म्हणाला, "सोड ना, बेस मी डाव्या हातानं काढतो."

तो फार हळू बोलला होता. पण नानांचे कान आयुष्यभर त्याच कामाला लागलेले. त्यांनी बेस गळ्यातून काढला, पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही खिट्या लावल्या आणि मंदारला म्हणाले, "गाडी काढ."

मंदारनं बेसची पेटीही डिकीत ठेवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती आणि नाना स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. एवढा रुबाबदार माणूस, आणि त्या दिवशी त्यांच्या मानेवरचा रंग न लागलेला पांढरा केस मला मागून दिसत होता. मला रडू आवरेना.

घराशी बाउअर झाडाला पाणी घालत होते. त्यांनी नानांचा चेहरा पाहिला, डिकीतली पेटी पाहिली आणि नळ बंद केला. खाली तळघरात नानांना त्यांनी तोच बेस वाजवायला लावला. फट्. बाउअर चेहऱ्याकडे बघतच नव्हते, चष्मा कपाळावर सारून ते नानांच्या बोटापाशी वाकले होते. आणि मग ते हसायलाच लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला इतका राग आला की मी जर्मनमध्ये काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात त्यांनी बेस स्वतः घेतला आणि वाजवला.

फट्.

पुन्हा वाजवला. पुन्हा फट्. मग आपलं बोट नानांसमोर धरून त्यांनी दाखवलं. स्टील वाजवणाऱ्याचा रॉड पट्टीच्या अगदी डोक्यावर थांबतो, तिथेच सूर असतो. बेसवर मात्र बोट पट्टीच्या जरा मागे दाबावं लागतं. पट्टीवरच बोट पडलं तर तार गुदमरते. तरुणपणी हात या वाद्यावरून त्या वाद्यावर आपोआप बदलतो. नानांनी बेसला हात लावून कितीतरी वर्षं झाली होती, आणि ती सगळी वर्षं डावा हात फक्त रॉड धरत आला होता. तो पट्टीच्या डोक्यावरच जात होता, आणि अगदी अचूक जात होता. म्हणजे चूक होत होती ती अचूकपणाची. ज्यानं आयुष्यभर स्टील वाजवलंय तोच अशी चूक करू शकतो.

मी मराठीत सांगितलं, पण त्याआधीच नानांना कळलं होतं. ते खिळ्यावरच्या बोडक्या बेसकडे बघत होते.

"आल्झो," बाउअर म्हणाले, "म्हातारं बोट सुधारत नाही. म्हणून मी बास सुधारला." पट्टीच नाही म्हटल्यावर मागे-पुढे काही उरतच नाही. बोट रेघेच्या डोक्यावर ठेवायचं, जिथे रॉड ठेवला असता तिथेच.

नानांनी बोडका बेस गळ्यात घातला. पहिलाच सूर असा निघाला की फळीवरची सफरचंदं हलल्यासारखी वाटली. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, जाड, गोल, कुठेही न तुटणारा. बाउअर म्हणाले, "गेनाऊ."  त्या रात्री नाना दोन भाकऱ्या जास्त जेवले. मी ओंकारला फोन करून सांगितलं, नाना वाजवणार आहेत, दुसऱ्या बेसवर.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात धुराचा अलार्म वाजेल म्हणून आरतीला एकच उदबत्ती होती आणि ती धरलेला माणूस खिडकीत उभा होता. मोदकांचा, नव्या साड्यांचा आणि पुसलेल्या लिनोलियमच्या फरशीचा वास. बाउअर मंदारचा झब्बा आणि स्वतःचे काउबॉयचे बूट घालून आले होते. बायका त्यांच्याकडे बघून हसत होत्या आणि ते सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते.

नाना पहिल्या गाण्यापासून बोडका बेस गळ्यात घालून मागे उभे. सुरुवातीला कोणाचं लक्ष गेलं नाही. नंतर माझ्या पुढच्या ओळीतला एक पाय हलायला लागला, मग त्याच्या शेजारचा. ओंकार गाता गाता दोनदा मागे वळून बघून गेला. कीबोर्डवरच्या मुलाचा डावा हात केव्हाच मांडीवर जाऊन बसला होता.

मध्यंतरानंतर नानांचं गाणं आलं. त्यांनी बेस बाउअरांच्या गळ्यात घातला, खुर्चीवर गोधडीची घडी ठेवून बसले, गिटार मांडीवर घेतली. ओंकार ट्रॅक लावायला वाकला.

"मिट ते," नाना म्हणाले.

लॅपटॉप मिटला. आणि त्या भाड्याच्या सभागृहात नानांनी रॉड तारेवर टेकवला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण त्या गाण्यात शब्द नव्हते आणि तरी माझ्या शेजारची बाई ओठ हलवत होती. कडव्याच्या शेवटी सूर वर चढताना एका ठिकाणी थांबला, थरथरला, आणि बाउअरनी खालून त्याला अलगद जमीन दिली.  संपल्यावर टाळ्या सुरू व्हायच्या आत नानांनी गिटार उचलून बाउअरांच्या मांडीवर ठेवली, बेस स्वतःच्या गळ्यात घेतला आणि मानेनं खूण केली. बाउअरनी तेच गाणं वाजवलं. मुरक्या नव्हत्या, साधं, खेड्यातल्या चर्चमध्ये गातात तसं, आणि नाना मागे मांडव होऊन उभे राहिले. मग ज्या टाळ्या पडल्या त्या मला अजून ऐकू येतात. हे माझे सासरे आहेत, असं मी दोन्ही बाजूंच्या माणसांना सांगितलं. ती मला ओळखत होती, तरी सांगितलं.

सभागृहाला पडदा नव्हता. नाना शेवटची वायर गुंडाळली जाईपर्यंत स्टेजवर उभे होते.

नाना परत जाताना दोघांनी आपापले रॉड बदलले. रॉड कोणी कोणाला देत नाही, तो त्या त्या हाताच्या घामाचा असतो, असं नाना म्हणायचे. विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईनं तो जड, चकचकीत तुकडा वर धरून विचारलं की हे काय आहे. नानांनी तो घेतला, हवेत सरकवला आणि तोंडानं सूर काढला. बाईनं हसून जाऊ दिलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी नानांना विमानाला मनाई केली. आणि या वर्षी, २०१९च्या वसंतात, तळ्याकाठचा एल्डर फुलण्याआधी बाउअर गेले.

क्रेटवरून उठून मी फोन काढला. कोल्हापुरात दुपार होती. नाना फोनच्या पडद्यावर आले. आता केस रंगवत नाहीत, पांढरे शुभ्र आहेत आणि तेही त्यांना शोभतात. मी फोन बेससमोर धरला. 

"नाना, तुमचा रॉड मात्र इथे नाही. फ्राउ बाउअर म्हणाल्या, तो त्यांनी बाउअरांच्या कोटाच्या खिशात ठेवला. त्यांच्याबरोबरच गेला."

नानांनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर गोधडी होती, गोधडीवर गिटार, आणि डाव्या हातात बाउअरांचा रॉड. "मग माझा निम्मा हात तिकडंच ऱ्हायला," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण त्याहून जास्त ऐट होती. मग म्हणाले, "वाजव."

"मला कुठे येतं नाना?"

"त्यात काय यायचंय? खालनं दुसरी तार. पाचवी रेघ. बोट रेघेवर. मागं नको, पुढं नको."

मी बेस गळ्यात घातला. तो वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. रेघा मोजल्या, बोट ठेवलं, उजव्या हातानं तार ओढली. सूर फळ्यांतून, क्रेटमधून, माझ्या तळपायातून गेला. वर स्वयंपाकघरात फ्राउ बाउअरची पावलं थांबली.

नाना गप्प होते. मी त्यांची सून आहे, मला वाटलं, झाली शाबासकी.

"गेनाऊ," नाना म्हणाले.